कान पुन्हा पुन्हा का वाहतो?

"मागच्या वेळी थेंब टाकले, आठवड्यात कान कोरडा झाला. आता सर्दी झाली आणि पुन्हा वाहायला लागला." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ही तक्रार सतत ऐकावी लागते. सांगणारी कधी चार वर्षांच्या मुलाची आई असते, कधी लहानपणापासून कान वाहणारी पन्नाशीची शेतकरी बाई, कधी रोज पोहायला जाणारा कॉलेजातला मुलगा. तक्रार एक असली तरी तिघांच्या कानांत तीन वेगळ्या जागी तीन वेगळ्या गोष्टी घडत असतात. आणि तिघंही बहुधा मेडिकलच्या दुकानातून एकाच जातीची बाटली घेऊन घरी आलेले असतात. आजार परत येण्याचं एक मोठं कारण मला इथेच दिसतं. कान कोरडा झाला की आजार गेला असं आपण धरून चालतो, आणि जंतू आत आले कोणत्या वाटेनं, हे बघायचं राहून जातं.

या वाटा दोन आहेत. बाहेरून दिसणारी कानाची नळी प्रौढ माणसात साधारण अडीच सेंटिमीटर आत जाते आणि पडद्याशी संपते. पडदा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर रुंद आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड, पण अखंड असेल तर पाण्याचा थेंबही पलीकडे जाऊ देत नाही. पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेची एक छोटी पोकळी आहे. ऐकण्याचं काम करणारी तीन इवली हाडं तिथेच असतात. या पोकळीची वाट बाहेरच्या बाजूला उघडतच नाही. ती उघडते नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात. म्हणून "न्हाताना कानात पाणी गेलं आणि आतून पू झाला" हे घराघरांत ऐकू येणारं निदान पडदा शाबूत असताना चुकीचं ठरतं. लहान मुलाचा कान ठणकतो तेव्हा जंतू बहुतेक वेळा नाकातून वर चढलेले असतात.

या नाक-कान वाटेला युस्टेशियन नळी म्हणतात. सोळाव्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या बार्तोलोमेओ युस्टाकी या शरीररचनाशास्त्रज्ञानं तिचं बारकाईनं वर्णन केलं. पुढे अंतोनियो वाल्साल्व्हा या इटालियन वैद्यानं १७०४ साली कानावर लिहिलेल्या ग्रंथात तिला युस्टाकीचं नाव दिलं. विमानात कान बंद झाल्यावर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून आपण आतून जोर लावतो, ती युक्ती याच वाल्साल्व्हाच्या नावानं ओळखली जाते.

ही नळी एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो आणि थोडी हवा पडद्यामागे जाते. हे सतत घडावं लागतं, कारण मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा शोषून घेत असतं. नळी काही दिवस उघडली नाही, तर आतला दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि दडे बसतात. पोकळी मग अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवानं भरू लागते. नाकाच्या मागे राहणाऱ्या जंतूंना, म्हणजे न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला यांना, असं साचलेलं द्रव फार मानवतं. पू होतो, पडद्यावर ताण येतो, मूल रात्रभर कळवळतं. कधी पडद्याला बारीक छिद्र पडून पू बाहेर येतो आणि दुखणं एकदम थांबतं. "कान फुटला" म्हणतात ते हेच. असं छिद्र बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप भरून येतं.

मग हे मुलांनाच इतक्या वेळा का होतं? प्रौढांची ही नळी साधारण ३५ मिलिमीटर लांब असते आणि जमिनीशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून उतरते. तान्ह्या बाळात ती जवळजवळ निम्म्या लांबीची, १८ मिलिमीटरच्या आसपास, आणि कोन जेमतेम १० अंशांचा. म्हणजे आखूड आणि जवळपास आडवी. तिची कूर्चा मऊ, उघडणारा स्नायूही अजून तयार न झालेला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे कर्णतज्ज्ञ चार्ल्स ब्लूस्टोन यांनी आयुष्यभर या नळीचाच अभ्यास केला. माणसाचा मेंदू मोठा आणि दोन पायांवर चालणाऱ्या आईचा कटिभाग अरुंद, म्हणून माणसाचं मूल इतर प्राण्यांच्या मानानं फार लवकर, अपुऱ्या वाढीचं जन्माला येतं. ही कच्ची नळी त्याचीच किंमत आहे, अशी त्यांची मांडणी. मला ती पटते, कारण ती आईबापांच्या मनावरचं एक ओझं उतरवते. आपण बाळाची नीट काळजी घेतली नाही म्हणून कान फुटला, असं समजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. बोस्टनच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांची होईपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक मुलांना मध्यकर्णाचा संसर्ग एकदा तरी होऊन गेला होता, आणि ४० टक्क्यांहून अधिक मुलांना तीन किंवा अधिक वेळा.

तरीही एका घरात एका मुलाचा कान दर सर्दीत दुखतो आणि दुसऱ्याचा कधीच नाही. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा मुलांत कारणं एकमेकांवर चढलेली असतात. पहिलं आनुवंशिकता. पिट्सबर्गमध्येच जुळ्या मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. कानात द्रव किती काळ राहतं यात मुलामुलांत जो फरक दिसला, त्यातला दोन वर्षांच्या वयाला सुमारे ७३ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. नळीचा आकार, चेहऱ्याच्या हाडांची ठेवण, जंतूंना शरीर कसा प्रतिसाद देतं, हे सगळं त्यात आलं. टाळू फाटलेलं मूल जन्मलं, तर त्याच्या मध्यकर्णात जवळजवळ हमखास द्रव साचतं, कारण नळी उघडणारा स्नायू टाळूचाच आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुलांतही हा त्रास जास्त.

दुसरं कारण आजूबाजूच्या माणसांचं आणि हवेचं. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा मोठी भावंडं असलेल्या बाळाला सर्दी वारंवार होते, आणि लहानग्याच्या प्रत्येक सर्दीमागे कानाचा धोका असतो. दाटीच्या घरात ज्या बाळाच्या नाकात हे जंतू फार लवकर वस्ती करतात, त्याचा त्रास लांबतो. विडी-सिगारेटच्या धुरानं अस्तरावरच्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, आणि नळीतला चिकटा बाहेर लोटण्याचं काम याच केसांचं असतं. बाप अंगणात ओढतो, घरात नाही, एवढ्यानं भागत नाही. कपड्यांतून आणि दारातून धूर आत येतोच. चुलीच्या धुराकडेही म्हणूनच मी संशयानं बघतो. बाळाला आडवं झोपवून तोंडात बाटली देऊन ठेवण्याची सवयही या यादीत आहे: गिळताना नळी उघडते आणि दूध वर चढू शकतं. अंगावरचं दूध मात्र या आजारापासून बऱ्याच अंशी जपतं.

तिसरं कारण नाकाच्या मागे दडलेलं असतं. तिथे अॅडेनॉइड नावाच्या मांसल गाठी असतात. त्या वाढल्या की नळीचं तोंड दाबलं जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गाठी जंतूंचं कायमचं घर होतात. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, बोलताना नाक बंद असल्यासारखा आवाज येतो आणि त्याचे कान सतत दुखतात, अशी जोडी दिसली की कानाआधी नाकाच्या मागे बघायला हवं.

औषधानं बरा झालेला संसर्ग परत येतो तेव्हा पालकांना वाटतं, अँटिबायोटिक लागू पडलं नाही. पण परत आलेला संसर्ग बहुतेक वेळा नव्या सर्दीबरोबर आलेल्या नव्या जंतूचा असतो. नळी तीच, पाहुणा वेगळा. काही मुलांत मात्र जुनेच जंतू टिकून राहतात. जुनाट कर्णसंसर्ग असलेल्या मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तराचे नमुने तपासून २००६ साली संशोधकांनी दाखवलं, की तिथे जंतू स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात एकवटून राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि पोचलं तरी मंदावलेले जंतू मरत नाहीत. पुवाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवला तर काही उगवत नाही, तरी कान बरा होत नाही, या जुन्या कोड्याचं बरंचसं उत्तर त्यात मिळालं.

ठणकणाऱ्या कानाकडे सगळं घर धावतं. न दुखणाऱ्या कानाची मला अधिक काळजी वाटते. संसर्ग ओसरल्यावर पडद्यामागे घट्ट, चिकट द्रव उरतं. ताप नाही, दुखणं नाही. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत जिरतं. ज्यांच्यात जिरत नाही त्यांना सरासरी २५-३० डेसिबल कमी ऐकू येतं. घरातलं समोरासमोरचं बोलणं त्यांना कळतं, पण वर्गातल्या मागच्या बाकावर, पंख्याच्या आवाजात बाईंचं बोलणं पोचत नाही. मूल टीव्ही मोठा करतं, हाक मारली तर वळत नाही, श्रुतलेखनात शब्द चुकवतं. मग प्रगतिपुस्तकात "लक्ष देत नाही" असा शेरा येतो, घरी मार बसतो, आणि ज्याला ऐकूच आलेलं नाही अशा गोष्टीची शिक्षा ते मूल भोगतं. असा शेरा आला की शिकवणी लावण्याआधी कान तपासावेत. पडद्याची हालचाल मोजणारी टिंपॅनोमेट्री काही मिनिटांत होते आणि दुखत नाही.

अशा कानात पडद्याला सूक्ष्म चीर देऊन आतलं द्रव काढतात आणि चिरेत एक छोटी पोकळ नळी बसवतात. ही नळी हवेची पर्यायी वाट होते. सहा महिने ते दीड वर्षात बहुधा आपोआप गळून पडते. अमेरिकेतल्या शार्लटच्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली प्लास्टिकची अशी नळी वापरून हा उपाय रुळवला. साचून राहिलेल्या द्रवासाठी तो चांगला आहे. मधल्या काळात कान स्वच्छ होत असतील आणि फक्त संसर्ग पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र घाई करू नये. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गच्या चाचणीत अशा मुलांपैकी काहींना नळ्या बसवल्या आणि काहींना प्रत्येक वेळी औषध दिलं. दोन वर्षांत दोन्ही गटांतल्या संसर्गांची संख्या जवळपास सारखी निघाली. सहा-सात वर्षांच्या सुमारास युस्टेशियन नळी लांब आणि तिरपी होते, अॅडेनॉइड आकसू लागतात, आणि बहुतेक मुलांचा त्रास कमी होतो. तोवर न्यूमोकोकसविरोधी लस हाताशी आहे. आपल्याकडे सरकारी लसीकरणात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ साली देशभर मिळू लागली. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी असली तरी कानालाही थोडं संरक्षण देते.

आता तो पोहणारा मुलगा. त्याचं दुखणं पडद्याच्या अलीकडचं, कानाच्या बाहेरच्या नळीच्या त्वचेचं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाळी ओढली किंवा कानाच्या पुढचा उंचवटा दाबला की कळ येते. या त्वचेचं संरक्षण मळ करतो. मळ आंबट गुणाचा आणि तेलकट असल्यानं पाणी आणि जंतू त्याच्यावर टिकत नाहीत, आणि नळीची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेनं सरकत तो आपोआप बाहेर आणते. बड घालून आपण हे संरक्षण पुसून टाकतो, उरलेला मळ आत ढकलतो आणि त्वचेला ओरखडे काढतो. ओरखड्याला खाज सुटते, खाजेसाठी पुन्हा बड, की पुन्हा संसर्ग. या चक्रात अडकलेल्या माणसाला औषधापेक्षा कानात काहीही न घालण्याचा सल्ला अधिक गुणकारी ठरतो. डोक्यात कोंडा किंवा अंगावर इसब असेल तर कानाची खाज त्याचाच भाग असू शकते.

कोकणात आणि गोव्यात, पावसाच्या दमट हवेत, बुरशी या चक्रात भर घालते. काळ्या ठिपक्यांचा ओलसर करडा पापुद्रा, असह्य खाज आणि दडे ही तिची लक्षणं. अँटिबायोटिकच्या थेंबांनी ती जात नाही, उलट फोफावते, कारण बुरशीशी स्पर्धा करणारे जंतू ते थेंब मारून टाकतात. खोबरेल तेलानंही ती वाढते. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना आणि मोठ्यांच्या कानातही तेल सोडण्याची पद्धत आपल्याकडे मायेनंच चालत आली आहे. निरोगी कानाला तिची गरज नाही, आणि वाहत्या कानाला तिच्यापासून धोका आहे. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान रात्रीची झोप उडवण्याइतका ठणकत असेल आणि नेहमीच्या थेंबांनी उतरत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. स्यूडोमोनास जंतूचा हा संसर्ग त्वचेतून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोचू शकतो.

प्रौढ माणसाच्या एकाच कानात पहिल्यांदाच द्रव साचलं आणि महिना उलटला तरी गेलं नाही, तर नाकाच्या मागे दुर्बीण घालून बघणं आवश्यक असतं. तिथल्या गाठीमुळे, क्वचित कर्करोगामुळे, नळी बंद झालेली असू शकते. न दुखता वाहणारा आणि कशानंच न थांबणारा कान क्षयाचाही असतो.

ती पन्नाशीची बाई मात्र सगळ्यात मोठ्या दुर्लक्षित गटातली आहे. लहानपणी कधीतरी तिचा पडदा फुटला, छिद्र भरलं नाही, आणि तेव्हापासून दर सर्दीत, दर पावसाळ्यात कान वाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात जगभर ६.५ ते ३३ कोटी लोकांचे कान असे वाहतात असा अंदाज होता, आणि भारत सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांच्या गटात होता. छिद्रामुळे आजार का परत येतो, हे तेलाच्या डब्यावरून कळतं. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही. दुसरं पाडलं की हवा आत शिरते आणि धार लागते. अखंड पडद्यामागे कोंडलेली हवा नाकातल्या स्रावाला वर चढू देत नाही. पडद्याला भोक पडलं की तो अडसर जातो, आणि नाक शिंकरलं तरी शेंबूड मध्यकर्णात पोचतो. बाहेरून, विहिरीच्या किंवा न्हाणीघरातल्या पाण्याबरोबर, स्यूडोमोनाससारखे जंतू येतात. म्हणजे हा कान आता दोन्ही वाटांनी उघडा. थेंबांनी पू थांबतो, भोक तिथेच राहतं. शिवाय भोक असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आतल्या कानाला इजा करून श्रवण कायमचं घटवू शकतात. म्हणून जुनी बाटली शोधून कानात ओतणं किंवा दुकानदाराला विचारून थेंब आणणं घातक आहे.

पडद्याच्या वरच्या, सैल भागात आणखी वेगळा आणि वाईट प्रकार घडतो. वर्षानुवर्षं कमी दाबामुळे तो भाग आत ओढला जातो, त्याची थैली होते, आणि त्या थैलीत मृत त्वचेचे थर साचत जातात. याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो कर्करोग नाही, पण हाड खातो: आधी ऐकण्याची हाडं, मग चेहऱ्याच्या मज्जातंतूवरचं आवरण, मग मेंदूकडची पातळ भिंत. पू थोडाच, पण दुर्गंधी भयंकर, आणि दुखणं नाही. त्यामुळेच माणूस थांबत राहतो. लेखक ऑस्कर वाइल्ड ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये वारले ते कानातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेल्या संसर्गानं. काही डॉक्टरांच्या मते मूळ आजार हाच असावा. त्यांचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नामांकित कर्णशल्यतज्ज्ञ होते, आणि १८५३ साली कानाच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी गाजलेला ग्रंथ लिहिला होता. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती, सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया नव्हती. आज दोन्ही आहेत. तरीही घाण वास येणारा कान घेऊन कुणी दहा-दहा वर्षं काढत असेल, तर त्याची वाट कुठेतरी आपण अडवलेली आहे: पैशांअभावी, लांबच्या दवाखान्यामुळे, किंवा "कान वाहतोच, त्यात काय" असं म्हणून.

साध्या छिद्रावर इलाज आहे. जर्मनीत वुल्स्टाइन आणि झोल्नर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पडदा आणि हाडांची साखळी दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया घडवली. आता कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवतात. ही शस्त्रक्रिया सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते, आणि २००६-०७ पासून बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. चांगला सर्जन शस्त्रक्रियेच्या आधी पेशंटचं नाक तपासतो: ॲलर्जी आहे का, सायनस भरलेत का, नाकाचं हाड वाकडं आहे का, तंबाखू ओढतो का. नाकाकडची वाट तशीच बिघडलेली राहिली तर नवा पडदाही पुढे आत ओढला जातो किंवा फुटतो. आणि शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना पेशंटला बजावलं जातं, की काही आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर ती दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाहीतर नळीतून वर गेलेली हवा पडद्याचा नुकता बसवलेला तुकडा उचलून टाकेल.